अशिलाचे बोलणे आणि टेबलावरचा स्मार्ट स्पीकर

या महिन्यातील पत्रांत एक विषय वारंवार आला आहे, तो म्हणजे कामाच्या जागी किंवा घरून काम करताना शेजारी असलेल्या व्हॉइस असिस्टंटचा. जिल्हा न्यायालयामुळे ठाण्यात वकिलांची कार्यालये पुष्कळ आहेत, ऐरोली ते महापे या पट्ट्यात परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या कंपन्या आहेत आणि वाशी-नेरूळला दवाखाने आहेत. त्यामुळे बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून आली यात नवल नाही. घरात आपल्या खासगीपणाला किती मुरड घालायची हे ज्याचे त्याने ठरवावे. कार्यालयात मात्र यंत्राच्या कानावर जे बोलणे पडते ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचे असते, त्याने ते आपल्यावर विसंबून सांगितलेले असते आणि यंत्राविषयी त्याला कोणी विचारलेले नसते. पुढील उत्तरे मी याच जाणिवेतून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वकिलीचे कार्यालय नौपाड्यात आहे. माझ्या ज्युनिअरने त्याच्या घरी पडून असलेला स्मार्ट स्पीकर कार्यालयात आणून ठेवला. तारखांची आठवण, टायमर, संध्याकाळी थोडे संगीत, एवढाच आम्ही त्याचा उपयोग करतो. परवा घटस्फोटाच्या प्रकरणासाठी आलेल्या एक बाई बोलता बोलता थांबल्या आणि स्पीकरकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "हे आपले बोलणे ऐकत असेल का?" मला ठाम उत्तर देता आले नाही. हे यंत्र सतत ऐकते का, आणि वकील म्हणून माझ्यावर काही जबाबदारी येते का?
(एक वकील, ठाणे)

उत्तर : आपल्या अशिलांची शंका रास्त होती. यंत्र चालू असते तेव्हा त्याचा मायक्रोफोनही सतत चालू असतो, त्यामुळे 'ऐकते का' याचे उत्तर 'हो' असेच द्यावे लागते. पण ऐकलेले सगळे बाहेर जात नाही. यंत्र कानावर पडणाऱ्या आवाजात फक्त ठरलेली हाक शोधत असते, म्हणजे 'अलेक्सा' किंवा 'ओके गूगल'. तोवरचा काही सेकंदांचा आवाज यंत्रातच राहतो आणि त्यावर नवा आवाज चढत जातो. हाक जुळली की दिवा लागतो, तिथून पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तेथे त्याचे शब्दांत रूपांतर होते, आणि ज्याच्या नावे यंत्राची नोंदणी आहे त्याच्या खात्यात, कंपनी आणि सेटिंग यांप्रमाणे, रेकॉर्डिंग किंवा निदान त्याचा मजकूर जमा होतो. दिवसभराचे सगळे संभाषण कंपनी साठवून ठेवते ही समजूत त्यामुळे बरोबर नाही. ती दूर करणे मला आवश्यक वाटते, कारण चुकीच्या भीतीपायी खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होते.

खरा धोका हाक चुकीची ऐकू येण्यात आहे. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठ आणि माक्स प्लांक संस्था यांच्या संशोधकांनी अशा यंत्रांसमोर दूरचित्रवाणी मालिका आणि बातम्या लावून पाहिल्या, तेव्हा हाक नसतानाही यंत्राला जागे करणारे एक हजाराहून अधिक ध्वनिक्रम त्यांना सापडले. हे निष्कर्ष २०२० मध्ये जाहीर झाले. 'इलेक्शन' या इंग्रजी शब्दाने अलेक्सा जागी झाली होती आणि 'ओके, कूल' या शब्दांनी गूगलचा असिस्टंट. सोसायट्यांच्या आणि महापालिकेच्या वादांत 'इलेक्शन' हा शब्द दिवसातून कितीदा उच्चारला जातो, हे आपल्याला मी सांगायला नको.

चुकून जागे झालेले यंत्र काय करू शकते, याचे उदाहरण मे २०१८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात समोर आले. एका दाम्पत्याचे घरातील संभाषण त्यांच्या स्पीकरने रेकॉर्ड करून पतीच्या हाताखाली काम करणाऱ्या एका गृहस्थाला पाठवून दिले. अ‍ॅमेझॉनने नंतर खुलासा केला, तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. संभाषणातील एका शब्दाला यंत्र हाक समजले; पुढच्या काही शब्दांत त्याला 'संदेश पाठव' असे ऐकू आले; 'कोणाला?' या त्याच्या प्रश्नानंतर बोलण्यातून त्याने संपर्कयादीतले एक नाव उचलले. आणि खातरजमेसाठी पुन्हा विचारल्यावर कानावर पडलेल्या शब्दांना त्याने होकार मानले. दाम्पत्याला यातले काहीच कळले नाही. त्या घरात बोलणे फरशीबद्दल चालले होते, म्हणून फारसे बिघडले नाही. आपल्या ज्युनिअरच्या फोनमधील संपर्कयादीत मात्र प्रतिपक्षाच्या वकिलांची नावेही असणार.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. यंत्राची समज सुधारण्यासाठी काही रेकॉर्डिंगे माणसे ऐकत असत, हे २०१९ मध्ये एकापाठोपाठ एक उघड झाले. एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनविषयी वृत्त आले. जुलैमध्ये बेल्जियमच्या सार्वजनिक वाहिनीने गूगल असिस्टंटची एक हजाराहून अधिक रेकॉर्डिंगे मिळवली, त्यांतली १५३ हाक न मारताच झालेली होती. त्याच महिन्यात 'द गार्डियन'ने दाखवून दिले की अ‍ॅपलच्या सिरी या असिस्टंटची रेकॉर्डिंगे तपासणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या कानावर डॉक्टर-रुग्णांचे संवाद आणि व्यवसायातल्या वाटाघाटी पडत होत्या. अ‍ॅपलने त्यानंतर हे काम थांबवले आणि पुढे ते वापरकर्त्याच्या संमतीवर सोडले. सिरीच्या अशाच नकळत झालेल्या रेकॉर्डिंगवरून अमेरिकेत चाललेल्या दाव्यात अ‍ॅपलने, दोष मान्य न करता, ९.५ कोटी डॉलर देण्याची तडजोड केल्याचे जानेवारी २०२५ मध्ये समोर आले.

आता आपल्या जबाबदारीविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार, व्यवसायाच्या संबंधात अशिलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीविना उघड करण्यास वकिलाला मनाई आहे. जुन्या १८७२ च्या कायद्यातील कलम १२६ मधून ही तरतूद चालत आली आहे. दुभाषा, वकिलाचा कारकून आणि नोकर यांनाही हेच बंधन घातलेले आहे. खोलीत हजर असू शकेल अशा प्रत्येक माणसाचा कायद्याने विचार केला आहे. आपल्या टेबलावरील यंत्र मात्र या बंधनाच्या बाहेर आहे. ते चालते कंपनीच्या अटींनुसार, आणि त्या अटी आपल्या ज्युनिअरने कधीतरी स्वतःच्या घरी बसून मान्य केलेल्या आहेत. सनदी लेखापालांनीही हे स्वतःला लागू आहे असे समजावे, कारण अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हा त्यांच्या १९४९ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तन म्हणून नमूद आहे.

आपल्या पत्रातील मला सर्वांत गंभीर वाटलेली बाब म्हणजे यंत्र ज्युनिअरच्या वैयक्तिक खात्यावर आहे. चुकून झालेले रेकॉर्डिंग त्याच्या खात्यात जाते, त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर तेच खाते उघडे असेल तर ते तेथेही दिसते, आणि उद्या तो दुसऱ्या कार्यालयात गेला की ते खाते त्याच्यासोबत जाते. यात त्याचा हेतू वाईट असण्याची गरजच नाही. आपल्या अशिलांच्या बोलण्याचा एखादा तुकडा आपल्या ताब्याबाहेरच्या जागी असू शकतो, एवढेच पुरेसे आहे.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: हे यंत्र कार्यालयातून हलवावे. सेटिंग बदलून ते ठेवता येईल असे कोणी सुचवील, पण सेटिंग ही कंपनीने दिलेली सोय असते आणि कंपनी ती काढून घेऊ शकते. अमेरिकेतील काही मॉडेलवर आवाजाचे रेकॉर्डिंग सर्व्हरवर न पाठवण्याचा पर्याय अ‍ॅमेझॉनने दिला होता. २८ मार्च २०२५ पासून तो बंद केला. तारखांची आठवण डायरी आणि मोबाइलचे कॅलेंडर उत्तम करून देतात. टेबलावरच्या मोबाइलमध्येही तोच असिस्टंट असतो, तेव्हा आवाजाने जागे होण्याची त्याची सोय सर्वांच्या फोनवर बंद करून घ्यावी. आणि त्या बाई पुढच्या तारखेला येतील तेव्हा आपण काय बदल केला ते त्यांना आपणहून सांगावे.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर राहते आणि ऐरोलीतील एका कंपनीत काम करते. आठवड्यातले काही दिवस काम घरून असते. हॉलमध्ये सासूबाईंसाठी घेतलेला स्मार्ट स्पीकर आहे. त्यांना मोबाइलवरची अक्षरे आता दिसत नाहीत; नुसते बोलून अभंग लावता येतात, औषधाची वेळ कळते, त्यामुळे त्यांना त्याचा खरा आधार आहे. माझे टेबल हॉलला लागूनच आहे आणि मी एका परदेशी बँकेच्या ग्राहकांच्या तक्रारी हाताळते. गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे. स्पीकर काढून टाकायला सांगू का? घरात यावरून अकारण मन दुखावले जाईल, अशी भीती वाटते.
(एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : काढून टाकायला सांगू नका. ज्यांची दृष्टी कमी झाली आहे त्यांच्यासाठी बोलून चालणारे यंत्र किती मोलाचे असते हे आपण स्वतःच लिहिले आहे, आणि आपल्या कामाच्या गोपनीयतेचा भार त्यांच्यावर पडणे योग्य नाही. प्रश्न फक्त आपण कॉलवर असता त्या वेळेचा आहे.

ही अडचण आपल्या एकटीची नाही. मार्च २०२० मध्ये घरून काम सुरू झाले तेव्हा लंडनमधील मिशकॉन द रेया या वकिलांच्या फर्मने आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितले होते की अशिलांविषयी घरून बोलताना स्मार्ट स्पीकर म्यूट किंवा बंद ठेवावेत. आपल्या घरी हे अभंग न थांबवताही करता येईल. स्पीकरवर मायक्रोफोन बंद करण्याचे बटण असते. अ‍ॅमेझॉनच्या यंत्रावर ते दाबले की लाल दिवा लागतो, गूगलच्या छोट्या स्पीकरला बाजूला सरकवण्याची कळ असते. मायक्रोफोन बंद केला तरी सुरू असलेले गाणे बंद पडत नाही आणि औषधाची आधी लावून ठेवलेली आठवणही वाजते. सासूबाईंनी त्यांची यादी सुरू केली की आपण बटण दाबावे, कॉल संपला की पुन्हा सुरू करून द्यावे. मधल्या वेळात त्यांना काही बदलायचे झाले तर त्या आपल्याला खुणेने सांगू शकतील. कारण मात्र त्यांना नीट समजावून सांगा; परक्या लोकांच्या पैशाची माहिती आपल्या घरात उच्चारली जाते हे कळल्यावर वडीलधारी माणसे बहुधा आपल्याहून अधिक दक्ष राहतात.

काही गोष्टी आपल्याकडूनही व्हाव्यात. हेडफोन वापरला तर समोरच्याचा आवाज खोलीत पडत नाही, राहतो तो फक्त आपला. त्यात खातेक्रमांक किंवा ग्राहकाचे पूर्ण नाव मोठ्याने उच्चारणे टाळता आले तर धोका आणखी कमी होतो. अलेक्सा अ‍ॅपमध्ये 'ड्रॉप इन' नावाची सोय असते, तिच्यामुळे परवानगी दिलेली व्यक्ती दुसऱ्या ठिकाणाहून थेट आपल्या खोलीतला आवाज ऐकू शकते. परगावच्या नातेवाइकांसाठी ती कोणी सुरू करून ठेवली आहे का ते पाहावे आणि कामाच्या दिवसांत बंद ठेवावी. हाक बदलण्याचाही पर्याय असतो, पण त्यातला 'कॉम्प्युटर' हा शब्द आपल्या घरी निवडू नये. शेवटी, करारातील घरून काम करण्याविषयीचे कलम पुन्हा वाचा. काही कंपन्या अशा यंत्रांना कामाच्या खोलीत स्पष्ट मनाई करतात, आणि तसे असेल तर टेबल आतल्या खोलीत हलवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : माझा वाशीला दवाखाना आहे. रुग्ण तपासून झाला की त्याच्या समोरच मी मोबाइलवर बोलून टिपणे लिहितो, कारण टंकलेखनात फार वेळ जातो. यात काही गैर आहे का?
(एक डॉक्टर, नवी मुंबई)

उत्तर : आपला प्रश्न आधीच्या दोन प्रश्नांहून वेगळा आहे. तेथे बोलणे चुकून बाहेर जाण्याचा धोका होता. येथे आपण ते जाणीवपूर्वक यंत्राला सांगत आहात. बोलून लिहिण्याची सोय कधी फोनमध्येच काम करते, कधी आवाज सर्व्हरवर पाठवून. आपल्या फोनमध्ये आणि आपण निवडलेल्या भाषेसाठी यांपैकी काय होते हे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. फोन विमान मोडवर टाकून एक वाक्य बोलून पाहिले तरी उत्तर मिळते: तेव्हाही अक्षरे उमटली, तर काम फोनमध्येच होऊ शकते.

तंत्रापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती टिपणात काय बोलायचे याची शिस्त. रुग्णाचे नाव आणि फोन नंबर बोलू नये. केसपेपरचा क्रमांक बोलावा आणि नाव नंतर हाताने जोडावे. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात, व्यसन यांसारख्या बाबी तर हातानेच लिहिलेल्या बऱ्या. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेतील २००२ च्या नियमावलीत, कलम ७.१४ मध्ये, रुग्णाकडून कळलेली गुपिते उघड करण्यास मनाई आहे. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार एवढेच तिचे अपवाद आहेत. वेळ वाचवणे हा त्यातला अपवाद नाही. रुग्णासमोर टिपण बोलण्याला माझी हरकत नाही, उलट आपण काय लिहितो ते त्याला ऐकू येते हे चांगलेच आहे. पण 'मी हे फोनवर बोलून लिहितो, चालेल ना?' एवढे आधी विचारावे आणि दार लावलेले असावे, कारण आपल्याकडच्या दवाखान्यांत पडद्यापलीकडेच पुढचा रुग्ण बसलेला असतो.

प्रश्न : महापे येथील एका कंपनीत मी नोकरी करते आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीची सदस्य आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत आवाजावर चालणारे यंत्र बसवले आहे. आम्हाला सांगितले की ते पडदा आणि कॉल सुरू करते. ऑनलाइन बैठकांना टिपणे घेणारा एआय सहायकही हजर असतो आणि बैठक संपताच सर्वांना मजकूर मेलने मिळतो. कंपनी आमचे बोलणे असे नोंदवू शकते का? आणि समितीची सुनावणी याच खोलीत घ्यावी का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. सुनावणी त्या खोलीत घेऊ नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख, तसेच चौकशीची कार्यवाही यांपैकी काहीही जाहीर करता येत नाही. तक्रारदार स्त्री जे सांगते ते सांगताना तिला आधीच किती बळ एकवटावे लागते! त्या वेळी भिंतीवर दिवा असलेले यंत्र तिच्याकडे तोंड करून असावे, हे मला मुळीच पटत नाही. असे यंत्र नसलेली खोली घ्यावी, सदस्यांसह सर्वांचे मोबाइल बाहेर ठेवावेत आणि नोंद एका सदस्याने हाताने करावी. सुनावणी ऑनलाइन असेल तर प्रत्येकाने आपल्या कॅलेंडरला जोडलेला टिपणे घेणारा सहायक आधी तोडावा. असा सहायक कॅलेंडरमधील दुवा पाहून आपोआप बैठकीत शिरतो, कधी कधी त्याचा मालक हजर नसतानाही, आणि आमंत्रणाच्या यादीत असलेल्या प्रत्येकाला मजकूर पाठवण्याचे सेटिंग त्याच्यावर असू शकते. यजमानाने बैठक सुरू करण्यापूर्वी उपस्थितांची यादी नाव पाहून तपासावी.

आता पहिला प्रश्न. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. या कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, तसेच कंपनीचे नुकसान, हेरगिरी किंवा व्यापारी गुपिते फुटणे टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या वेगळ्या संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे. मला ही तरतूद फार सैल वाटते; तिचा आधार घेऊन बैठकीतला प्रत्येक शब्द नोंदवणे योग्य ठरवले जाऊ नये. शिवाय ती कर्मचाऱ्यांपुरती आहे. त्याच खोलीत येणारे ग्राहक, पुरवठादार, मुलाखतीला आलेले उमेदवार यांचे काय, हा प्रश्न कंपनीने टाळू नये. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरची बहुतेक कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ अ आणि २०११ चे नियम आहेत. त्या नियमांत ओळख पटवण्यासाठी वापरलेला आवाजाचा ठसा संवेदनशील माहितीत मोडतो आणि त्यासाठी लेखी संमती लागते. म्हणून आपल्या यंत्रात 'कोण बोलत आहे' हे आवाजावरून ओळखण्याची सोय सुरू असेल, तर संमतीचा कागद कोठे आहे असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

विचारणा तोंडी न करता मनुष्यबळ विभागाला मेलने करावी, आणि शक्य असल्यास चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून करावी, म्हणजे एकावर रोख येत नाही. यंत्र कोणाच्या खात्यावर आहे, रेकॉर्डिंग आणि मजकूर किती काळ ठेवला जातो, तो कोण पाहू शकतो, पुरवठादार कंपनी तो आपले एआय शिकवण्यासाठी वापरते का, आणि एखाद्याने 'आज नोंद नको' म्हटले तर ती थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढे विचारले तरी कंपनीने या गोष्टींचा विचार केला आहे की नाही ते कळून येते. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला नव्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे शहाण्या व्यवस्थापनाला हे प्रश्न आत्ताच विचारले गेलेले हवे असतील.

प्रश्न : आमच्या बेलापूरच्या कार्यालयातील स्मार्ट स्पीकर आता वापरात नाही, तो शिपाईकाकांच्या नातवाला द्यावा असे सर्वांचे मत आहे. आधीची रेकॉर्डिंगे कशी पुसावीत?
(एक कर्मचारी, सीबीडी बेलापूर)

उत्तर : आधी खात्यातील आणि मग यंत्रातील, या क्रमाने पुसावे. अलेक्सा अ‍ॅपच्या प्रायव्हसी विभागात आवाजाचा इतिहास दिसतो. तेथे 'आजवरचे सर्व' निवडून पुसता येते. गूगलच्या यंत्रासाठी हेच काम खात्याच्या 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' पानावर होते. पुसण्यापूर्वी यादी एकदा चाळून पाहावी, आणि हाक न मारता झालेली कार्यालयीन संभाषणे तीत आढळली तर आपल्या अधिकाऱ्यांना कळवावे. पुसणे म्हणजे पूर्ण खात्री नव्हे, हेही लक्षात असू द्यावे: मुलांच्या आवाजाची माहिती पालकांनी पुसायला सांगूनही तिचा मजकूर ठेवून घेतला, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर ठेवला आणि ते प्रकरण अडीच कोटी डॉलरच्या दंडावर मिटले. खात्यातले पुसून झाल्यावर अ‍ॅपमधून यंत्राची नोंदणी रद्द करावी आणि यंत्र फॅक्टरी रीसेट करावे. नोंदणी रद्द करायला विसरू नका. ती राहिली तर नातवाच्या घरातले बोलणे आपल्या कार्यालयाच्या खात्यात येत राहील. नवीन नोंदणी त्याच्या आईवडिलांच्या खात्यावर करून द्यावी आणि मायक्रोफोन बंद करण्याचे बटण कोठे आहे ते त्यांना हातात धरून दाखवावे.